झोपलेला विद्यार्थी हजर धरावा काय?

झोपलेला माणूस हजर धरावा की गैरहजर, हा प्रश्न तुम्हांला बहुधा कधी पडलेला नसेल. सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायाला आणि सत्काराला सविस्तर उत्तर देणाऱ्या सत्कारमूर्तीपुढे माणसे सर्रास झोपतात. पण तिथे कोणी हजेरी घेत नाही. आमच्या कचेरीत हजेरी होती, पण तिथे हा प्रश्न फार पूर्वी निकालात निघाला होता. सकाळी मस्टरवर सही केली की माणूस हजर. मग तो जागा आहे, झोपला आहे की कँटीनमध्ये आहे, हे परमेश्वर आणि शिपाई यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नसे, आणि दोघेही बोलत नसत.

मला हा प्रश्न पडला तो संध्याकाळी. दिवसा मी फोर्टातल्या त्या सरकारी कचेरीत फायलींना नंबर देत असे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी गिरणगावातल्या एका रात्रीच्या कॉलेजात नीतिशास्त्र शिकवीत असे. सरकारी नोकराला असा जोडधंदा करायचा तर परवानगी लागते. माझा तो अर्ज वर्षभर फिरला आणि फिरत फिरत एकदा नंबर घालण्यासाठी माझ्याच टेबलावर आला. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेल्या माणसाचे पुढे काय होते, हे कोणाला पाहायचे असेल तर त्याने ती फाइल जरूर पाहावी.

मी अर्धवेळ प्राध्यापक होतो. हा शब्द ज्याने शोधून काढला त्याला मनुष्यस्वभावाची चांगली जाण असली पाहिजे. ‘अर्धवेळ’ एवढेच म्हटले तर बायको नाराज होते, आणि नुसते ‘प्राध्यापक’ म्हटले तर खरे प्राध्यापक नाराज होतात. पगार नव्हता, मानधन होते, आणि तेही तासाच्या हिशोबाने. तासाच्या पैशांत एक मसाला डोसा आणि एक कॉफी आली असती. ती घेत नसू, पण आली असती. शेजारच्या बिऱ्हाडात माझ्या या नोकरीविषयी निराळीच समजूत होती. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता आणि त्याबद्दल रेडिओवर सारखे काही ना काही लागत असे. त्यामुळे मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना ग म भ न गिरवायला शिकवतो, अशी शेजारच्या आजोबांची खात्री होती. “पुण्याचं काम करतोस हो,” असे ते जिन्यात म्हणत. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला कांट शिकवतो म्हणून सांगितले तेव्हा, “तेही शिकव,” म्हणाले.

रात्रीच्या शिक्षणाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, त्याचे वर्ग सकाळी भरत. का, तर कारकुनी करणाऱ्या पोरांना पुढे दिवसभर नोकरी करता यावी म्हणून. दिवस ज्याच्या मालकीचा नाही त्याने कधी शिकायचे, हा विचार या माणसांनी केला. आमच्या कॉलेजानेही तो केला असावा, पण इमारतीचा विचार करायचा राहिला. ती दिवसा भरणाऱ्या एका शाळेची होती. आम्हांला मिळालेला वर्ग सहावीचा. बाक सहावीच्या मापाचे. त्यांत तिशी-पस्तिशीची माणसे बसली की गुडघे हनुवटीला लागत, आणि उठताना बाकही बरोबर उठे. फळ्याच्या दोन तृतीयांश भागावर दिवसाच्या बाईंचा मजकूर असे आणि त्याला चौकट आखून खाली लिहिलेले असे : ‘पुसू नये’. त्यामुळे पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा सगळा इतिहास मी उजवीकडच्या वीतभर जागेत, ‘महाराष्ट्रातील प्रमुख पिके’ यांच्या शेजारी शिकवला.

आणि विद्यार्थी! एक बसकंडक्टर होते. ते नेहमी दाराजवळच्या बाकावर बसत आणि जागा असली तरी बराच वेळ उभे राहत. टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करणारे एक गृहस्थ होते. मी ‘सुखवादाचे तीन प्रकार’ म्हटले की त्यांचा हात आपोआप तीन खणांकडे जाई. परळच्या एका इस्पितळातल्या आयाबाई होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणत, मीही म्हणे. एक पोलीस हवालदार होते. ते वर्गात आले की बाकीचे आपोआप सरळ बसत, त्यामुळे त्यांच्यावर माझा फार जीव. बहुतेक सगळे माझ्यापेक्षा वयाने मोठे. मी एकोणतीस वर्षांचा. वर्गात खऱ्या अर्थाने प्रौढ नसलेला मी एकटाच.

आणि तिसऱ्या बाकावर रोल नंबर एकेचाळीस. ते झोपत.

झोपत म्हणजे घोरत नसत, डोके बाकावर टाकत नसत. ताठ बसत. वही उघडी, हातात पेन, पेनाचे टोक कागदावर टेकलेले. फक्त पापण्या मिटलेल्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, हा माणूस माझ्या वाक्यावर चिंतन करतो आहे. पहिले दोन आठवडे मलाही तसेच वाटले आणि मी त्यांच्याकडे पाहूनच शिकवीत असे. मग एकदा पाणी प्यायला थांबलो. मी थांबताच ते दचकून जागे झाले, इकडेतिकडे पाहू लागले आणि त्यांचा उजवा हात पुढे कशाला तरी पकडायला गेला. मी पुन्हा सुरू केले, ते पुन्हा झोपले. शास्त्रीय वृत्तीने मी हा प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा तोच निकाल.

तास सुटल्यावर मी त्यांना थांबवले. वयाचा मान ठेवून म्हटले, “अहो, माझं शिकवणं कंटाळवाणं होतं का?”

“नाही सर, छान आहे. एका लयीत आहे.”

मग त्यांनी सांगितले. ते गिरणीत होते, साचेखात्यात. साचे म्हणजे माग. शेकडो साच्यांचा तो खडखडाट चौदा वर्षे कानावर पडत होता. आवाज चालू असला की सगळे ठीक आहे. आवाज थांबला की समजायचे, साचा बंद पडला, कुठेतरी धागा तुटला. धावायचे आणि जोडायचे. “म्हणून तुम्ही थांबलात की जाग येते, सर.” माझ्या व्याख्यानाचे इतके नेमके परीक्षण त्याआधी किंवा त्यानंतर कोणी केलेले नाही.

बी.ए. कशाला करता, असे मी विचारले. “बसून काम करायचंय, सर. चौदा वर्षं उभ्यानं झाली. खात्यातून हापिसात जायचं तर डिग्री बघतात.” चौदा वर्षे उभ्याने काम केलेल्या माणसाला आपण संध्याकाळी सात वाजता बसायला बाक देतो, वर पंखा लावतो, समोर एका लयीत कोणीतरी बोलत असते, आणि वर अशी अपेक्षा करतो की त्याने जागे राहावे! यात काही नैतिक दोष असेल तर तो बाकाचा आहे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

इथपर्यंत सगळे ठीक होते. झोपेत माझे काही जात नव्हते. पण कॉलेजने नोटीस काढली : वर्गात दहापेक्षा कमी विद्यार्थी असल्यास तास झाला असे धरले जाणार नाही. नोटिशीमागे कारण होते. माझ्या आधीच्या एका अर्धवेळ प्राध्यापकाने म्हणे दोन महिने रिकाम्या वर्गाला हेगेल शिकवून पैसे उचलले होते. मला त्यात गैर दिसत नाही, कारण हेगेल भरलेल्या वर्गाला शिकवला तरी परिणाम तोच. पण संस्थाचालकांनी तो मुद्दा लक्षात घेतला नाही.

आणि मग १९८१च्या ऑगस्टमधली ती संध्याकाळ आली. धो धो पाऊस. लोकल गाड्या रखडलेल्या. मी गुडघाभर पाण्यातून कॉलेजात पोचलो आणि डोकी मोजली. नऊ जागी आणि एक झोपलेले. एकेचाळीस नंबर पहिली पाळी करून, चिंब भिजून आले होते, आणि आल्या आल्या साचा चालू होण्याची वाट न पाहता झोपले होते.

योगायोग असा की त्या दिवशी मला कांट शिकवायचा होता. खोटे कधीही बोलू नये, कोणत्याही कारणाने बोलू नये, असे कांटचे म्हणणे. १७९७ साली एका निबंधात त्याने ते अगदी टोकाला नेले आहे. तुमचा मित्र तुमच्या घरात लपला आहे, मारेकरी दारात येऊन विचारतो, ‘आहे का घरात?’ तरीही खोटे बोलू नये! मी हे सांगितल्यावर वर्गात विलक्षण चैतन्य पसरले. हवालदार म्हणाले, “मागच्या खोलीतून शंभर नंबरला फोन करायचा, सर.” कंडक्टर म्हणाले, “बोलण्यात गुंतवायचं आणि मित्राला पुढच्या दारानं उतरवायचं.” मावशी म्हणाल्या, “एवढ्या रात्री दार उघडायचंच कशाला?” दोनशे वर्षे विद्वान त्या निबंधावर वाद घालत आहेत. दार न उघडण्याचा पर्याय त्यांतल्या कोणाच्या लिहिण्यात माझ्या पाहण्यात आला नाही.

तास संपला. हजेरीपट पुढे ओढला. एकेचाळीसाला गैरहजर धरले तर नऊ. नऊ म्हणजे तास झाला नाही. तास झाला नाही म्हणजे मी पाण्यातून आलो नाही, कांट सांगितला नाही आणि मावशींनी त्याला निरुत्तर केले नाही. एका ‘हजर’ने हे सगळे जग अस्तित्वात येत होते. पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो. कांट खरे तर फळ्यावर होता, पिकांच्या शेजारी. मी फळा पुसला, म्हणजे माझा भाग पुसला, आणि एकेचाळीस नंबरापुढे ‘हजर’ लिहिले.

घरी येऊन बायकोला सांगितले. ती कुकर लावत होती. म्हणाली, “यात काय विचारायचं? पाळण्यातलं पोर झोपलं म्हणून घरात माणसं किती ते सांगताना त्याला वगळतात का? रेशनकार्डावरचं नाव झोपेत कापतात का?” हा युक्तिवाद मला नीतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आढळला नव्हता. पण माझे समाधान झाले नाही, कारण पाळण्यातल्या पोराच्या हजेरीवर बापाला मसाला डोसा मिळत नाही. निर्णय बरोबर असेलही. पण तो मी माझ्या फायद्याचा म्हणून घेतला होता, बरोबर म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत अर्थशास्त्राच्या अर्धवेळ प्राध्यापकांपुढे ही अडचण मांडली. ते दिवसा बँकेत होते, त्यामुळे पैशांकडे बघण्याची त्यांची दृष्टी स्वच्छ होती. त्यांनी ॲडम स्मिथ काढला. प्राध्यापकांना ठरलेला पगार दिला की ते शिकवणे सोडून देतात, त्यांचे पैसे विद्यार्थ्यांकडून यावेत, असे स्मिथने १७७६च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, आणि ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांनी तर शिकवण्याचे सोंगदेखील सोडल्याचा दाखला दिला आहे. हाच स्मिथ १७६४ साली ग्लासगोची नोकरी वर्षाच्या मध्यावर सोडून निघाला, तेव्हा म्हणे त्याने फीचे पैसे परत करायला काढले. पोरे घेईनात, तर त्याने ते त्यांच्या खिशात कोंबले. “तुम्हीही एकेचाळीसाच्या खिशात कोंबा,” अर्थशास्त्र म्हणाले आणि चहाचे पैसे मला द्यायला लावून तासाला गेले.

पण खरी बोच निराळी होती. एकेचाळीस झोपत, हे उघड होते. आणि मी? कचेरीतून साडेपाचला सुटून, लोकलमध्ये लोंबकळत येऊन, तीन वर्षांपूर्वीच्या वहीतले तेच ते, त्याच विनोदांसकट, मी बोलत असे. तोंड कांटविषयी बोले आणि मन नऊ बावन्नच्या गाडीत बसलेले असे. मीही शिकवता शिकवता झोपतच होतो. फक्त माझे डोळे उघडे असत, आणि मी थांबलो तर मला जागे करणारे कोणी नव्हते.

दिवाळीच्या सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली. विद्यापीठाचा नियम ७५ टक्के हजेरीचा. एकेचाळीस नंबरांच्या खात्यात पाळ्या फिरत्या. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारी साडेतीन ते रात्री बारा, एक आठवडा रातपाळी. दुपारपाळीच्या आठवड्यात येणे शक्यच नाही. म्हणजे माणूस कधी आजारी पडला नाही, गावी गेला नाही, मयताला गेला नाही, तरी त्याची हजेरी तीनात दोन, ६६ टक्के आणि पुढे सहाच सहा. ७५ हा आकडा त्याला गणितानेच बंद होता. नियम करणाऱ्यांनी दिवस चोवीस तासांचा धरला होता आणि तो सगळ्यांचा सारखा असतो असेही धरले होते.

मग मी ते केले. दुपारपाळीच्या आठवड्यांत अधूनमधून एखादा ‘हजर’ टाकू लागलो. कोणाला पत्ता लागू नये म्हणून सलग टाकत नसे. या खेपेस माझा फायदा काहीच नव्हता, वर्गात दहाच्या वर माणसे असत. त्यामुळे मला स्वतःविषयी बरे वाटू लागले. नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाने प्रथमच काहीतरी नैतिक केले, असे मी लोकलमध्ये मनाशी म्हटल्याचे आठवते.

डिसेंबरमध्ये कॉलेजने हजेरीचे आकडे फलकावर लावले. दुसऱ्याच संध्याकाळी एकेचाळीस नंबर तासाआधी खोलीच्या दारात उभे.

“सर, चूक झालीय. माझे सात दिवस जास्त लागलेत. दुसरी पाळी होती माझी. मी आलोच नव्हतो.”

मी आवाज खाली आणून म्हटले, “अहो, असू द्या. नाहीतर तुम्हांला परीक्षेला बसू देणार नाहीत.”

ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “सर, सात वर्षं बदली होतो मी. रोज गेटावर उभं राहायचं. कायम माणसानं खाडा केला तर त्याच्या जागी आम्हांला घ्यायचे. आता न आलेल्याची हजेरी कुणी ओळखीनं लावली, तर गेटावरच्या एकाचा दिवस बुडतो. बुडालेत माझे तसे.”

“पण इथं कोणाचा दिवस बुडतो?”

“ते काही सांगता येत नाही, सर. तुम्ही नीतिशास्त्राचे. पण खोटी हजेरी म्हटली की मला गेटच दिसतं.”

मला काही सुचले नाही. तेव्हा मनातला जुना प्रश्न विचारून टाकला, “आणि झोपता त्या दिवशीचं काय?”

यावर मात्र ते जराही घोटाळले नाहीत. “ती लावायची की! आलो होतो ना मी. साच्यावर डुलकी लागली तर दंड करतात, सर. खाडा नाही धरत.”

दंड आणि खाडा! चार महिने मी ज्या प्रश्नाशी झुंजत होतो त्याचा निकाल साचेखात्यात केव्हाच लागलेला होता. न येणे आणि आल्यावर न जमणे, या दोन गोष्टी त्यांना दोन वेगवेगळ्या रकान्यांत दिसत होत्या, आणि मी त्या एकाच रकान्यात कोंबू पाहत होतो. मी त्यांच्या देखत सात ‘हजर’ खोडले. खोडताना वाईट वाटले, आणि लाजही वाटली, ती कशाची ते मला त्या वेळी नीट सांगता आले नसते.

त्यानंतर महिन्याभरात, १८ जानेवारी १९८२ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते जाणत्यांनी लिहिले आहे. मला दिसले ते एवढेच, की रोल नंबर एकेचाळीस जागे राहू लागले.

रोज येत. आता दुपारपाळी नव्हती. तासाच्या आधी अर्धा तास येऊन बसत. डोळे टक्क उघडे. पेन कागदावर चालत असे. मी पाणी प्यायला थांबलो तरी दचकत नसत, कारण झोपलेलेच नसत. तुम्ही कधी वर्गात शिकवले असेल तर तुम्हांला कळेल, की जागा विद्यार्थी किती भयंकर असतो. तीन वर्षांपूर्वीची वही त्यांच्यापुढे तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी, कांटची उजळणी चालू असताना, त्यांनी हात वर केला.

“सर, कांटना पगार कोण देत होतं?”

मला ठाऊक नव्हते. तत्त्वज्ञानाचा एम.ए., पण कांटच्या पोटापाण्याचा प्रश्न आम्हांला कोणी विचारलाच नव्हता. शनिवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसलो. कित्येक वर्षांनी परीक्षेखेरीज कशासाठी तरी वाचत होतो. आणि सापडले ते असे : कांट १७५५ साली शिकवायला लागला तो विनापगारी. वर्गाला बसणारे विद्यार्थी जी फी देत तेवढीच त्याची मिळकत. १७६६पासून जोडीला उपग्रंथपालाची किरकोळ नोकरीही केली. खरीखुरी प्राध्यापकी मिळाली ती १७७० साली. म्हणजे पंधरा वर्षे माणूस तासावर होता!

सोमवारी मी हे वर्गात सांगितले तेव्हा माझा आवाज जरा भरून आला असावा, कारण मला भाऊ सापडला होता. एकेचाळीस नंबरांनी शांतपणे हिशोब मांडला.

“म्हणजे बदलीच होते की, सर. सात वर्षं मी, पंधरा वर्षं ते. आणि तो खोटं न बोलायचा निबंध कधीचा म्हणालात?”

“सतराशे सत्त्याण्णव.”

“पर्मनंट झाल्यावर सत्तावीस वर्षांनी,” ते म्हणाले.

वर्ग हसला. मीही हसलो. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी ते साल वहीत लिहून घेतले. मला राहून राहून वाटत होते, की कायम माणसाला खरे बोलणे सोपे जाते, असे या गृहस्थाने म्हणायला हरकत नव्हती. पण बदली असल्यापासून खोट्या हजेरीची चीड बाळगणाराही हाच होता. हे दोन्ही एका वेळी त्याच्यात कसे मावत होते, ते मला कांटला विचारावेसे वाटे. तास संपले तरी आम्ही दोघे कधीकधी गेटापर्यंत बोलत जायचो. नीतिशास्त्रावर बोलत असू. घरी काय चालले आहे हे मी विचारीत नसे आणि ते सांगत नसत. फेब्रुवारीत त्यांच्या हातातले घड्याळ दिसेनासे झाले. ते मला कळले, कारण आता तेच मला, “किती वाजले, सर?” असे विचारू लागले.

मार्चमध्ये हजेरीचे आकडे लागले. एकेचाळीस : ७६ टक्के. एकही दिवस खोटा नव्हता. पाळ्यांनी जे कधी होऊ दिले नसते ते संपाने करून दिले होते. मी अभिनंदन करायला गेलो आणि शब्द घशातच राहिला. ते फलकाकडे पाहत म्हणाले, “बसलं बघा बरोबर.” परीक्षा दिली. पास झाले. नीतिशास्त्रात बरे मार्क होते.

जूनमध्ये कॉलेज सुरू झाले. तिसऱ्या वर्षालाही माझा एक पेपर होता. फी भरलेल्यांची नवी यादी यायला आमच्याकडे दिवाळी उजाडत असे. तोवर हेडक्लार्क जुनीच यादी उतरवून देत. त्यामुळे एकेचाळीस नंबर एकेचाळीसच राहिला होता. पहिल्या दिवशी मी तो पुकारला. कोणी बोलले नाही. कंडक्टर म्हणाले, “गावाला गेले, सर, बायकामुलांना घेऊन.” टपालवाले म्हणाले, गावाला नाही, भायखळ्याला भाजी घेऊन बसतात असे ऐकले. पत्ता चाळीचा होता. मी एका रविवारी गेलो. खोलीत दुसरेच बिऱ्हाड होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्या गेल्या, चाळीही बऱ्याच गेल्या. आता त्या रस्त्याने गेलो तर कोणत्या काचेच्या इमारतीमागे ते कॉलेज होते, हे मला दोनदा विचारावे लागते.

जुलैत पुन्हा तसाच पाऊस झाला. मी पोचलो तेव्हा वर्गात नऊजण. हजेरी घेतली. एकेचाळीस नंबरापाशी पेन क्षणभर थांबले, मग मी ‘खाडा’ असे लिहिले आणि लक्षात आल्यावर ते खोडून ‘गैरहजर’ केले. तास झाला नाही, हे आता ठरलेच होते. त्यामुळे घाई नव्हती. नऊ बावन्नची गाडी सोडून मी दहा सत्तावीसपर्यंत शिकवले. मावशी मध्येच म्हणाल्या, “सर, आज तुम्ही वही आणली नाही वाटतं.”

हजेरीपट परत करायला गेलो तेव्हा हेडक्लार्कनी आकडा पाहिला. “सर, नऊ आहेत. तास जाईल.”

“जाऊ द्या.”

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. महिनाअखेर व्हाउचर आले. मी तास मोजले. एक जास्त होता. पावसाच्या त्या दिवशीचाही तास लावलेला होता. मी हजेरीपट मागून पाहिला. एकेचाळीस नंबरापुढे माझे ‘गैरहजर’ नीट खरवडून तिथे सुवाच्य अक्षरात ‘हजर’ लिहिलेले होते.

“हे काय?” मी विचारले.

“नीतिशास्त्राच्या माणसाचे पैसे कापायचे म्हणजे बरं नाही दिसत, सर,” हेडक्लार्क म्हणाले. “आणि ते येत होते ना रोज. सवयीनं लागली असेल.” त्यांनी रेव्हेन्यू स्टँपाला जीभ लावली, तो व्हाउचरवर चिकटवला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मागे तिघेजण सहीसाठी खोळंबले होते. त्यांतले अर्थशास्त्र म्हणाले, “आटपा हो.” मी सही केली, पैसे मोजून घेतले आणि घरी गेलो.